दर पावसाळ्यानंतर डेक पुन्हा काळा, पुन्हा निसरडा? पॉलिशचा डबा उघडायच्या आधी हे तपासा

बडोद्यात आता गच्चीवर, मागच्या अंगणात, रो-हाउसच्या ओट्यावर लाकडाचा किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या फळ्यांचा) डेक टाकायची टूमच निघालीय आणि त्यासोबत एक तक्रार अलकापुरीपासून भायलीपर्यंत सगळीकडे सारखीच ऐकू येते. दिवाळीच्या साफसफाईत डेक घासून घेतला, पॉलिश मारलं, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पाहुणे गच्चीवर आले तेव्हा एकदम मस्त दिसत होता, आणि जुलै-ऑगस्टात परत काळे ठिपके, हिरवट बुळबुळीत थर, पॉलिशचे पापुद्रे. मग पुढच्या दिवाळीला तेच. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, की काळं कशानं झालंय आणि पाणी नेमकं कुठे थांबतंय हे कळल्याशिवाय पॉलिशवर एक रुपयाही घालू नका, कारण वरून मारलेलं पॉलिश खालून येणाऱ्या ओलीला कधीच अडवत नाही, उलट ती आत कोंडून ठेवतं.

सगळ्यात आधी काळं आणि राखाडी यातला फरक बघा. लाकूड एकसारखं राखाडी, चंदेरी झालं असेल तर तो रोग नाहीये. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे फिकट तंतू राहतात, बस्स. हे अगदी वरवरचं असतं, आतलं लाकूड ठणठणीत असतं, आणि कुणाला तो रंग आवडत असेल तर खुशाल तसाच ठेवा. फक्त त्या मेलेल्या तंतूंवर पॉलिश किंवा तेल लावू नका, ते धरत नाही, तंतूंसकट निघून येतं.

काळ्याचे मात्र प्रकार आहेत आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. कपड्यांसाठी घरात असतं ते साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याचा एक थेंब डागावर टाका आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. डाग डोळ्यांदेखत फिकट झाला तर ती बुरशी आहे. काहीच फरक नाही पडला तर एकतर नुसता मळ आहे किंवा लोखंडाचा डाग. साबणाच्या पाण्याने घासून निघाला तर मळ. नाही निघाला आणि रंग निळसर-काळा असेल तर थोडं लांब, दुसऱ्या कोरड्या डागावर ऑक्झॅलिक अॅसिडचं पाणी टाकून बघा, काही मिनिटांत डाग उडाला तर लोखंडच. दोन्ही थेंब एकाच जागी टाकायचे नाहीत हां, आणि ब्लीच आधी भरपूर पाण्याने धुऊन काढायचं, कारण ब्लीचमध्ये कुठलंही अॅसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. कामवाली बाई किंवा मदतनीस पोरगा एका बादलीत ब्लीच आणि दुसऱ्या हातात टॉयलेट क्लीनर घेऊन कामाला लागतो, ते प्लीज थांबवा, गच्ची उघडी असली तरी तोंडाजवळ तो वायू छाती जाळतो. अमोनियावाल्या काच-क्लीनरसोबतही ब्लीच नको.

आता लोखंडाचं सविस्तर सांगतो, कारण यावर कुणी बोलतच नाही. सागवान, बाभूळ, ओक असल्या लाकडांत टॅनिन नावाचं नैसर्गिक तुरट द्रव्य असतं. ओलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की निळं-काळं संयुग बनतं, लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, अगदी तेच. म्हणून स्क्रूभोवती काळे डोळे दिसले तर समजायचं की स्क्रू साधे आहेत किंवा त्यांचं गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा लेप, उडालंय. तिथे कितीही घासा, स्क्रू बदलून स्टेनलेस ३०४ चे टाकेपर्यंत डाग दर पावसात परत येणार. पण स्क्रूभोवती नसून अख्ख्या डेकभर बारीक बारीक काळे ठिपके विखुरलेले असतील तर जरा आठवून बघा, मधल्या काळात गच्चीवर किंवा शेजारी ग्रिलचं, शेडचं, सोलरच्या स्टँडचं काम झालं होतं का. ग्राइंडरने लोखंड कापताना जो चुरा उडतो तो दहा-पंधरा फुटांवरच्या फळ्यांवरही जाऊन बसतो, कोरड्यात दिसतसुद्धा नाही, पहिल्या सरीत प्रत्येक कणाभोवती काळा ठिपका उमटतो. लोक त्याला बुरशी समजून ब्लीच ओततात आणि ठिपके हलत नाहीत म्हणून वैतागतात. फॅब्रिकेटरला खाली अंगणात कापायला सांगा, ते जमत नसेल तर डेकवर आधी ताडपत्री अंथरा, आणि चुरा पडलाच असेल तर पाणी लागायच्या आत मोठ्या लोहचुंबकाने आणि व्हॅक्यूमने उचलून घ्या. याच कारणासाठी डेकवर तारेचा ब्रश आणि स्टील वूल कधीही वापरायचं नाही, त्याचे तुकडे लाकडात राहतात.

बुरशी असेल तर प्रश्न असा, की तिला ओल मिळतेय कुठून. पाऊस तर सगळ्यांच्याच गच्चीवर पडतो, पण एकाचा डेक दोन दिवसांत सुकतो आणि दुसऱ्याचा आठवडाभर ओला राहतो, सगळा फरक तिथे आहे. मे महिन्यातच काळं पडायला लागलं असेल, पाऊस आलेलाच नसेल, तर वर बघा, एसीच्या आउटडोअरचा पाइप तिथेच टपकत असणार, नाहीतर कूलर, नाहीतर कुंड्या. कुंडी थेट फळीवर ठेवली की खाली गोल काळा डाग ठरलेला, तुळशीला तर रोज पाणी घातलं जातं, म्हणून प्रत्येक कुंडीखाली पाय असलेलं स्टँड हवं, नुसती ताटली पुरत नाही, ताटलीखाली ओल राहतेच. रबराच्या पाठीचं पायपुसणंही तसंच.

मग एक-दोन फळ्या उघडून खाली बघा. हे काम कुणालाच नको असतं पण खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. स्लॅबला पावसाच्या पाइपच्या जाळीकडे उतार आहे का, मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर तरी पाहिजे. आणि डेकखालच्या फ्रेमचे पाइप त्या उताराच्या दिशेने टाकलेत की आडवे? आडवे असले तर प्रत्येक पाइप एक छोटा बांध होतो, त्यामागे पाणी दिवसचे दिवस साचून राहतं, त्याची वाफ वर फळ्यांच्या पोटाला लागते आणि वरून कडक ऊन. खालून ओली, वरून कोरडी अशी फळी मग कडांनी वर उचलते, मध्ये खोलगट होते आणि त्या खोलगटात परत पाणी. आमच्या सोसायटीत एका घरी हेच निघालं, दर वर्षी वरून पॉलिश आणि खाली चिखलाचं तळं. फ्रेमखाली ठिकठिकाणी रबराचं किंवा पीव्हीसीचं पॅकिंग देऊन ती स्लॅबपासून उचलली, पाण्याला वाट मोकळी केली, आणि पुढच्या पावसाळ्यात फळ्या स्वच्छ राहिल्या, पॉलिश न मारता. फ्रेम साध्या लोखंडी पाइपची असून नुसता रेड ऑक्साइड मारलेला असेल तर तो गंजही फळ्यांना लागतो, पैसे घालायचे तर इथे घाला, जीआय (जस्ताचा लेप असलेलं लोखंड) किंवा अॅल्युमिनियम.

फळ्यांमधली फट साधारण ५ मिलिमीटर पाहिजे आणि ती मोकळी पाहिजे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात कडुनिंब पानं गाळतो, मग त्याचा मोहोर, मग गुलमोहराची ती बारीक पानं, हे सगळं फटीत जाऊन बसतं आणि जूनपर्यंत त्याचं खत होतं. तिथूनच हिरवं सुरू होतं. मेच्या शेवटी जुन्या पट्टीने किंवा पातळ कलथ्याने सगळ्या फटी साफ करायच्या, हे एक काम पॉलिशच्या तीन हातांपेक्षा जास्त उपयोगी आहे, अगदी खात्रीने सांगतो. आणि फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका, लाकूड टोकाकडून पाणी कितीतरी जास्त पितं, सुतार टोक कापून तसंच कोरडं सोडतात, तिथे तेल किंवा मेणाचा सीलर भरपूर पाजून घ्या.

पापुद्रे सुटणं हा वेगळा आजार आहे. आपले सुतार-पॉलिशवाले घरातल्या दारांना, कपाटांना लावतात तेच मेलामाइन किंवा पीयू बाहेरच्या डेकलाही लावून मोकळे होतात. ते लाकडावर पातळ पडदा बनवतं. दारावर ठीक आहे, पण आडव्या फळीवर मे महिन्याचं ४२ डिग्रीचं ऊन, मग पाणी, लाकूड फुगतं-आकसतं, पडद्याला केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि बाहेर निघत नाही, आतून बुरशी आणि वरून पापुद्रा. त्याच्यावर अजून एक हात मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. तो पडदा पूर्ण काढावाच लागतो, आधी सगळ्या स्क्रूंची डोकी आत घालून मग ६० आणि नंतर ८० नंबरचा सँडपेपर मशीनवर, तोंडाला मास्क. १२० किंवा त्याहून बारीक जाऊ नका, गुळगुळीत छान लागतं पण लाकडाची छिद्रं बंद होतात आणि तेल आत मुरत नाही. झालं की चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका, मिनिटभरात शोषले गेले तर लाकूड तयार, मोत्यासारखे वर बसून राहिले तर जुनं पॉलिश अजून आहे.

आता धुवायचं कसं. बुरशी आणि राखाडी दोन्हीसाठी मी क्लोरीनवाल्या ब्लीचपेक्षा सोडियम परकार्बोनेट वापरायला सांगेन, ऑक्सिजन ब्लीच म्हणून पांढरी पूड मिळते. क्लोरीन बुरशी मारतं पण लाकडाचे तंतूही खातं आणि स्क्रूही, फळी कापसासारखी लवदार होते. परकार्बोनेट पाण्यात गेलं की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा बनतो, झाडांनाही त्यामानाने सौम्य. एक लिटर कोमट पाण्याला साधारण ६० ग्रॅम, उघड्या बादलीत कालवा, कालवलेलं पाणी बाटलीत भरून बूच लावू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते, आणि दोन-तीन तासांत वापरून टाका कारण जोर उतरतो. सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, आधी डेक आणि आजूबाजूच्या कुंड्या साध्या पाण्याने भिजवायच्या, मग हे पाणी पसरायचं, १५-२० मिनिटं सुकू द्यायचं नाही, सुकायला लागलं तर अजून शिंपडायचं, नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासायचं आणि भरपूर धुवायचं.

धुतल्यावर सागवान काळपट-तपकिरी दिसेल, घाबरू नका, सोड्यामुळे होतं ते. त्यावर उतारा ऑक्झॅलिक अॅसिड, लिटरला ५० ते ६० ग्रॅम, संगमरवर घासणाऱ्यांकडे किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. १०-१५ मिनिटं ठेवून धुतलं की लाकडाचा मूळ रंग उजळून येतो, तो बघताना खरंच आनंद होतो. लोखंडाचे डागही यातच जातात. पण हे विषारी आहे, हातमोजे, चष्मा, पूड उडवायची नाही, लहान मुलं आणि कुत्रं-मांजर त्या दिवशी गच्चीवर नको. नुसता सोडा उतरवायचा असेल, डाग नसतील, तर लिंबूफुलाचं पाणीही चालतं, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षारही त्यानेच निघतात.

प्रेशर वॉशरबद्दल लोक भांडतात. माझं मत, साग चांगला जुना पक्का असेल तर चालतं, पण ८० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) वर नको, पंख्यासारखी रुंद धार आणि फूटभर अंतर. गांधीधाम-कांडलाकडून येणारं पाइनचं लाकूड मऊ असतं, त्याला ४० बारच्या वर गेलात की रेषा उकरल्या जातात आणि पुढच्या पावसात त्या उकरलेल्या रेषांत आधीपेक्षा जास्त बुरशी. कार धुणाऱ्याचा पंप भाड्याने आणून फळ्या सोलून घेतलेले डेक बघवत नाहीत. साधा पाइप आणि ब्रश यांनी काम होतं, वेळ लागतो एवढंच.

डब्ल्यूपीसीवाल्यांनी वरचं सँडपेपर आणि तेल पूर्ण विसरायचं. विकणारा सांगतो याला काही करावंच लागत नाही, ते खरं नाही. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, आणि भुसा बुरशीला खायला मिळतोच. तुमचा बोर्ड कुठला ते कापलेल्या टोकाला बघा, आतून बाहेरून सगळा एकच रंग असेल तर साधा, बाहेर वेगळ्या रंगाची पातळ साल दिसली तर तो वरून प्लॅस्टिकचं कवच असलेला. कवचवाल्यावरची बुरशी ही वरच्या धुळीवर, परागकणांवर वाढलेली असते, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ ब्रश एवढ्यात जाते. साध्या बोर्डात ती जरा आत शिरते, तिथे परकार्बोनेट लागतं. दोन्हीला एक गोष्ट सारखी, साबणाचं घाण पाणी वरच सुकू दिलं तर सुकताना मळ पुन्हा तिथेच बसतो आणि लोक म्हणतात धुतल्यावर जास्त डाग दिसतात. तुकडा तुकडा धुवा आणि लगेच स्वच्छ पाण्याने ओढून काढा. क्लोरीनने रंग उडतो, त्याचे फिकट चट्टे कायमचे. कवचवाल्या बोर्डाला सँडपेपर लावलात तर कवचच गेलं. आणि तेल-पॉलिश प्लॅस्टिकमध्ये मुरत नाही, वर चिकट राहतं, त्याला बडोद्याची धूळ चिकटते, धुळीवर बुरशी, म्हणजे पैसे देऊन रोग आणला.

नव्या साध्या डब्ल्यूपीसीतून पहिल्या पावसाळ्यात चहासारखं तपकिरी पाणी गळतं, त्याचं टेन्शन घेऊ नका, आतल्या भुशाचा नैसर्गिक रंग धुऊन निघतोय, काही पावसांनंतर कमी होत जातो. फक्त ते पाणी खालच्या मजल्याच्या पांढऱ्या भिंतीवरून वाहत नाही ना ते बघा, नाहीतर खालच्या काकू बोलायच्या बंद होतील.

उत्तरायणाचं वेगळं सांगायला हवं. १४ आणि १५ जानेवारीला सगळं घर गच्चीवर, उंधियू आणि जिलेबी तिथेच, आणि तेला-तुपाचे थेंब फळ्यांवर. डब्ल्यूपीसीवर तेल राहिलं तर डाग आत बसतो, त्याच दिवशी लिक्विड आणि कोमट पाण्याने काढा. लाकडावर आधी टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्या, मग धुवा. जेवणाच्या जागी जुनी सतरंजी अंथरली तर सगळाच प्रश्न मिटतो. रांगोळीही थेट डब्ल्यूपीसीवर नको, विशेषतः लाल आणि निळा रंग बारीक छिद्रांत बसतो तो निघतच नाही, पाटावर काढा.

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात ज्यांचे अंगणातले डेक बुडाले त्यांच्यापैकी काहींच्या फळ्या अजून खालून काळ्या होतात, कारण वरचा गाळ धुतला गेला आणि फ्रेममधला तसाच राहिला. तो गाळ ओल धरून ठेवतो. फळ्या उघडून तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्याच वेळी स्क्रूड्रायव्हर फळीच्या पोटात टोचून बघा, सहज आत गेला तर ती फळी कुजलीय, ती बदला, तिला धुण्यात-तेलात वेळ घालवू नका. जमिनीलगत असेल तर उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, मातीच्या नळ्या दिसतात का तेही बघून घ्या.

तेल लावायचं तर ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी. मे महिन्यात फळी एवढी तापते की तेल मुरायच्या आत वरच सुकतं आणि पट्टे दिसतात. धुतल्यावर निदान तीन-चार दिवस चांगलं ऊन, ओल मोजायचं मीटर असेल तर लाकडातली ओल १५ टक्क्यांच्या खाली. बाहेरच्या डेकसाठीचं, आत मुरणारं आणि थोडा रंग असलेलं तेल घ्या, ऊन अडवतो तो रंगच, पूर्ण पारदर्शक तेल राखाडी होणं थांबवत नाही. जुने सुतार अळशीचं कच्चं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून लावा म्हणतात, घरातल्या लाकडाला ते ठीक असेल पण बाहेर नको, कच्चं अळशीचं तेल बुरशीचं खाद्य आहे. पातळ हात द्या, १५-२० मिनिटांनी जे वर चमकत राहिलंय ते सगळं कापडाने पुसून घ्या, मुरलं तेवढंच कामाचं.

ती तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. सुकणारं तेल सुकताना तापतं, बोळा केला की ती उष्णता आतच राहते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक मोकळं करून बाहेर दोरीवर पसरा, पूर्ण कडक झाली की मग फेका, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. सोबत जो पोरगा कामाला असेल त्यालाही हे आधीच सांगून ठेवा, कारण संध्याकाळी आवरताना फडकी तोच उचलतो.